टेकवा, दाबू नका

"टेकवा, दाबू नका."

आमच्या ले-आउटमधल्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं आहे, आणि तेही स्वतःचा हात दुसऱ्याच्या हातात असताना. ग्रेडरसाहेब समोर आले की नमस्काराचे हात सुटायच्या आत त्यातला एक धरायचे, अंगठ्याला तर्जनी लावून द्यायचे आणि बोटांच्या टोकांकडे बघत म्हणायचे, "टेकवा, दाबू नका. फूल धरल्यावानी." मग कुठे निघालात, पोरं कशी आहेत, हे सगळं.

तुमच्याही वस्तीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला चुकवायला बघतो आणि तो दिसला नाही की चौकशीही आपणच करतो. एकदा बसस्थानकासमोर एका ऑटोवाल्याशी माझी हुज्जत चालली होती. साहेब मध्ये आले आणि त्यांनी ऑटोवाल्याचाच हात धरला. "बाबू, राग आला का अशी बोटं धरत जाय. मिंटात उतरते." ऑटोवाल्याने बोटं जुळवून बघितली आणि म्हणाला, "काकाजी, बोटं मी धरतो, पन मंग ह्यांडल कोन धरन?" साहेबांना ते इतकं आवडलं की पुढे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते पाटीपुरतं. जिल्ह्यातल्या कापूस खरेदी केंद्रांवर त्यांनी नोकरीभर कापसाची प्रत ठरवली, म्हणून सगळ्यांचे ग्रेडरसाहेब. कापसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, अंगठ्यावर धागा निजवून त्याची लांबी बघायची आणि ग्रेड बोलायची. निवृत्तीनंतर चिमटीला काम उरलं नाही. कुठल्याशा शिबिरात ते हस्तमुद्रा शिकून आले आणि बोटांना पुन्हा धंदा मिळाला.

त्यांच्या नोकरीतली एक रीत इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. ग्रेड एकदा बोलली की बोलली. शेतकरी हात जोडो, शिव्या देवो, ग्रेडर शब्द फिरवत नाही. बाभुळगावच्या केंद्रावर एकदा त्यांनी एका बंडीला हलकी ग्रेड बोलली आणि नंतर दुसऱ्या बाजूने हात घातला, तर कापूस चांगला निघाला. तरी त्यांनी बदलली नाही.

"काहून नाही बदलली?" मी विचारलं होतं.

"भाऊ, एका बंडीची बदलली असती तं मांगच्या साऱ्या बंड्या माह्या अंगावर आल्या असत्या. उद्या केंद्रावर उभं राहू देलं नसतं कोनी मले."

ही गोष्ट ते बऱ्याचदा सांगत. त्यात फुशारकी नसे आणि खंतही नसे. भिंत किती उंच आहे हे सांगावं तसं सांगत.

ले-आउटच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड आहे. तिथे सकाळी आम्ही जमायचो. बहुतेक निवृत्त लोक, काही बायका आणि माझ्यासारखे नोकरीवर जायच्या आधी येणारे दोघं-तिघं. आपापल्या चटया, अंगावर शाली. साहेब समोर बसायचे, मुद्रा लावून द्यायचे आणि ते "उघडा" म्हणेपर्यंत डोळे मिटून राहायचं.

मी एका डाळ मिलमध्ये हिशेब बघतो. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलेलं आहे. शेडमध्ये जायला लागल्यापासून माझा वरचा आकडा थोडा उतरला. तो मुद्रेने उतरला, लवकर उठण्याने, की बायकोने लोणच्याची बरणी उचलून ठेवल्याने, हे मला सांगता येणार नाही. पण तिथे बसल्यावर बरं वाटायचं, हे खरं. डोकं रिकामं व्हायचं. तेवढं मी कोणालाही सांगेन.

साहेबांना टोचून बोलायची मुभा एकट्या शांताबाईंना होती. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मुलाजवळ राहणाऱ्या, साठीपुढच्या. त्यांच्या घरी बैठकीत बुद्धाची पांढरी मूर्ती आहे. "ग्रेडरसाहेब," त्या म्हणायच्या, "आमचा बुद्ध पाहा. मांडीवर हातावर हात ठेवला का झालं. त्याचं काही अडलं का? तुमचीच बोटं काहून इतकी वाकडीतिकडी?"

"बाई, तो बुद्ध होता. आपल्याले ग्यास होते."

सगळं शेड हसायचं, आणि शांताबाई सर्वांत आधी बोटं जुळवून बसायच्या.

साहेबांची सगळ्यांत आवडती मुद्रा हृदयाची. तर्जनी दुमडून अंगठ्याच्या मुळाशी, मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याच्या टोकाला, करंगळी सरळ. दिवाळीनंतर एका सकाळी कोणीतरी विचारलं की छातीत दुखलं तर हिचा कितपत भरवसा. साहेब चढ्या आवाजात बोलले, बंडीसमोर बोलत असतील तसे. "ही मुद्रा ज्याले येते त्याले दवाखाना लागत नाई."

मला ते पटलं नाही. पण शेडमध्ये माना हलल्या. शांताबाईंचीही हलली.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही सगळे एसटीने कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. तिथे गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. येताना तेवढ्याच चढायच्या. मंडळी वर गेली, प्रसादाच्या दुकानांकडे पांगली. मी मागे होतो आणि माझ्यापुढे साहेब. मध्येच ते थांबले, भिंतीला हात लावला आणि खाली बसले. चेहऱ्याचा रंग राखेसारखा. दोन्ही हातांची बोटं त्याच मुद्रेत. आणि टेकवलेली नव्हती, दाबलेली होती. इतकी, की नखं पांढरी पडली होती.

"साहेब?"

"बसा. बोलू नका."

मी बसलो. वरून कोणीतरी आमची नावं घेऊन हाका मारत होतं. साहेबांनी मुद्रा न सोडता कोपराने सदऱ्याचा खिसा दाखवला. मी त्यातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी त्यांनी जिभेखाली धरली. बऱ्याच वेळाने रंग परत आला.

गोळी पाहिल्यावर विचारायचं फारसं उरलंच नव्हतं. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी त्यांना ती दिली होती, आणि लवकरात लवकर अँजिओग्राफी करा असं बजावलं होतं. ते कोणालाच माहीत नव्हतं. बाभुळगावला दिलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या मुलीलाही नाही.

"मंग करून काहून नाही घेत?" मी म्हणालो.

"कोन्या तोंडानं? दवाखाना लागत नाई म्हनून बोललो ना मी. साऱ्याइसमोर."

"बोलले तं बोलले. जीव मोठा का शब्द मोठा?"

"भाऊ, मी घरात एकटा. सकाळी ते शेड हाये म्हनून मी उठतो. उद्या ह्यो मुद्रावालाच दवाखान्यात निजला, तं शेडात कोन येईन? रिकाम्या शेडात बसून मी काय करू?" मग माझा हात धरला. बोटं लावून द्यायला नाही, नुसताच धरला. "कोनाले सांगू नका. संक्रांत झाली का जातो."

मी कबूल केलं, पण मुदत संक्रांतीची, असं बजावून. घरी बायकोला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "मुदत तुमी त्याइले देली. त्याइच्या छातीले कोन देली?"

त्यानंतर शेडमध्ये मला डोळे मिटता येईनात. सगळे मिटून बसलेले आणि मी एकटा उघड्या डोळ्यांनी साहेबांच्या हातांकडे बघतोय. नखं लाल आहेत का पांढरी. एखाद्या सकाळी ते बोलता बोलता थांबायचे, "मौन" म्हणायचे आणि गालात जीभ हलायची. लोकांना वाटायचं मौन. मला माहीत होतं की गोळी विरघळतेय. मी शाल गच्च धरून बसायचो आणि ते "उघडा" कधी म्हणतात याची वाट बघायचो. एकदा त्यांना फारच वेळ लागला. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात आवाज आला. सगळ्यांनी डोळे उघडले आणि एकजण म्हणाला, "आज काय शांत वाटलं बाप्पा."

संक्रांत आली. साहेबांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. मी त्यांना बाजूला घेतलं.

"जातो ना भाऊ. थंडी जाऊ द्या."

"थंडीचं काई ठरलं नव्हतं."

"तुमी पक्के हिशेबवाले आहा," ते म्हणाले आणि दुसऱ्याचा हात धरायला निघून गेले.

त्याच आठवड्यातली सकाळ. शांताबाई उशिरा आल्या, हे पहिलं नवल. शेडच्या खांबाला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग चटई न अंथरता तशाच सतरंजीवर बसल्या. माझी बायकोही शेडमध्ये यायची, ती त्यांच्या शेजारी होती. तिने मला हाक मारली ती नावाने. ती मला चारचौघांत कधी नावाने हाक मारत नाही.

शांताबाईंच्या कपाळावर घाम होता. आम्ही सगळे शालीत, आणि त्यांच्या कानामागून घामाची धार. उजव्या हाताची हृदयमुद्रा. डावा हात मांडीवर नुसता पडलेला.

"हा हात भरून आला. जबडा बी दुखते," त्या म्हणाल्या. "रातच्या वांग्यानं केलं असन."

"चला दवाखान्यात," बायको म्हणाली.

"कायले? मुद्रा लावली ना म्या. साहेब बोलले ना, दवाखाना लागत नाई म्हनून." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "हो ना जी?"

शेडमधल्या सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, "थोडा वेळ बसू द्या त्याइले. उतरन." दुसऱ्याने हो म्हटलं. मी ऑटोसाठी फोन लावला होता आणि पलीकडे घंटा वाजत होती. शांताबाई उठायला तयार नव्हत्या. उचलून न्यावं म्हटलं तर त्या हाताला झटका देत होत्या. त्या एकाच माणसाचं ऐकणार होत्या, आणि तो माणूस जागेवरून हलत नव्हता.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. घड्याळ हातात होतं, पाहिलं नाही.

मग साहेब उठले. शांताबाईंच्या समोर येऊन खाली बसले, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट सोडवलं. आधी मधलं, मग अनामिका, मग दुमडलेली तर्जनी. तळवा उघडा केला.

"सोडा हे," ते म्हणाले. "म्या चुकीचं बोललो होतो."

त्यांचा हात न सोडता ते पुढे बोलले.

"मले बी दुखते बाई. दसऱ्यापासून. डाक्टरनं सांगतलं, तपासनी करा. म्या नाई केली." त्यांनी खिशातून पट्टी काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "गोळी खाऊन बसतो मी इथं, मौन म्हनून. या भाऊले माहीत हाये."

पाठीमागे एकाने चटई गुंडाळायला घेतली. त्याचा तो खरखर आवाज मोठा वाटला. "मंग आमाले काय शिकवून राह्यले होते?" तो म्हणाला. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

"बाई, मी आता दवाखान्यात जाऊन राह्यलो. पन मले एकट्याले भेव लागते. तुमी येता का संगं?"

शांताबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ओठ कोरडे झाले होते, तरी बोलल्याच. "इतक्या मोठ्या मानसाले भेव लागते म्हंता. मंग चला बाप्पा, पोचवून देते."

ऑटोत मागे ते दोघं आणि मधे माझी बायको, मी ड्रायव्हरशेजारी. बाजार समितीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती. ऑटो अडकला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी उतरून हात करत होतो, समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला गाडी मागे घे म्हणून ओरडत होतो. मागे वळून पाहिलं तर दोघांचेही डोळे मिटलेले. शांताबाईंचा हात साहेबांच्या मनगटावर. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. बायकोने नंतर सांगितलं, त्या म्हणत होत्या, "साहेब, झोपू नका. झोपू नका हो." रस्ता मोकळा झाला तेव्हा माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

दवाखान्यात दोघांना शेजारच्या खाटांवर घेतलं, मधे पडदा. शांताबाईंना झटका आलाच होता. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. ते इंजेक्शन तयार करायला सांगून पडद्यापलीकडे गेले, साहेबांच्या ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि पुन्हा काढायला लावली. मग मला बाहेर बोलावलं. "यांचं जास्त आहे. यांना नागपूरला न्यावं लागेल, आजच." मी साहेबांच्या मुलीला फोन केला.

आत आलो तर साहेबांची आणि नर्सची जुंपली होती. त्यांच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलेलं होतं, नेमकं तर्जनीला, आणि ते काढून साहेब मुद्रा लावत होते. काढलं की यंत्र ओरडायचं. नर्स लावायची. ते काढायचे.

"आजोबा, काय करून राह्यले?"

"बाई, हे बोट मले दुमडाचं हाये."

"दवाखान्यात आले ना आता? मंग आमचं ऐका."

"दवाखान्याचं ऐकून राह्यलो. पन बोटाले कामधंदा नसला तं मी घाबरतो," ते म्हणाले.

नर्सने त्यांचा हात बघितला. "कोनतं बोट मोकळं राह्यते तुमचं?"

"करंगळी."

तिने चिमटा करंगळीला लावला. यंत्र गप्प झालं. साहेबांनी बाकीची बोटं जुळवली. पडद्यापलीकडून शांताबाईंचा बारीक आवाज आला, "जमलं का जी?" आणि साहेब म्हणाले, "जमलं. तुमी बोलू नका, पडून राहा."

मुलगी बाभुळगावहून आली ती शाळेच्या साडीतच.  थेट रुग्णवाहिकेत वडिलांच्या उशाशी जाऊन बसली. त्यांना आत ठेवल्यावर मी दाराशी उभा होतो. साहेबांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं मुलीबद्दल काही सांगायचंय.

"भाऊ, उद्या शेडात किती येतीन?"

मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने आकडा सांगत नाही, माझ्या कामात तशी सवयच नाही. बरे व्हा, सगळे येतील, असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं. मी म्हणालो, "उद्या मोजून सांगतो."

"हाओ. बराबर मोजा," ते म्हणाले. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेआधी शेडमध्ये गेलो. कोणी नव्हतं. मी सतरंजी अंथरली आणि एका कडेला उभा राहिलो. आदल्या रात्री ऑपरेशन झालं, एवढा निरोप मुलीने बायकोला दिला होता. पहिले आले ते आदल्या दिवशी चटई गुंडाळून गेलेले. त्यांनी ती अंथरली. मग दोघं-दोघं करून बाकीचे. शांताबाईंचा मुलगाही आला, जो कधी येत नाही. आईने पाठवलं म्हणाला, आणि कुठे बसायचं ते विचारलं. समोरची जागा सोडून सगळे बसले. कोणी कोणाला मुद्रा सांगितली नाही. ज्याला जी येत होती ती त्याने लावली.

मी मोजलं. चूक नको म्हणून उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. आकडा जुळला.

फोन वाजला तेव्हा पडद्यावर साहेबांचंच नाव होतं. सगळे डोळे मिटून होते म्हणून मी शेडच्या बाहेर, पत्र्याच्या कडेला गेलो आणि उचलला. आवाज मुलीचा होता. मी तिला आधी बोलू दिलं. तिचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. साहेब गेले होते.

मग ती म्हणाली, "काका, बाबा पहाटे एकदा शुद्धीवर आले होते. तुम्ही काहीतरी सांगणार होते म्हणाले. काय होतं?"

मी शेडकडे पाहिलं आणि तिला आकडा सांगितला.